कोन समजून घेताना: कागदाच्या घडीपासून ध्रुव ताऱ्यापर्यंत

सहावीत लघुकोन, काटकोन, विशालकोन येतात. सातवीत कोटिकोन आणि पूरककोन. आठवीत समांतर रेषा आणि त्यांची छेदिका. नववीपर्यंत मुलांच्या डोक्यात कोनांची पंधरा-वीस नावे जमा होतात आणि उत्तरपत्रिकेत नेमकी त्यांचीच अदलाबदल होते. घरी गणित शिकवताना हे मी इतक्यांदा पाहिले, की आता नावे मागून सांगते. आधी दोन गोष्टी हाताने करून पाहायच्या. पहिली, सरळ रेषेवर एका बाजूला १८०° मावतात. दुसरी, समांतर रेषांना एखादी तिरकी रेघ छेदते तेव्हा ती दोघींशी सारखाच कोन करते. शाळेत येणारी कोनांची बहुतेक नाती या दोन गोष्टींतूनच निघतात, आणि ती कशी निघतात ते एकदा कळले की पाठांतराचे ओझे उतरते.

सामान घरातलेच आहे: एक कोरा कागद, रेघांची वही, कंपासपेटी, खराट्याचे दोन हीर, थोडा दोरा आणि एखादा लोखंडी नट.

कोन म्हणजे वळण

दोन हीर एका टोकाशी दोऱ्याने सैलसर बांधा आणि एकावर एक ठेवा. खालचा दाबून धरा, वरचा हळूहळू फिरवा. वरचा हीर जितका वळला तितका कोन झाला. जिथे हीर बांधले तो शिरोबिंदू, आणि दोन हीर म्हणजे कोनाच्या भुजा.

आता एक हीर अर्ध्यात मोडा. कोन बदलला का? नाही. इथे घाई करू नका. लांब भुजांचा कोन मोठा आणि आखूड भुजांचा लहान, हा गैरसमज फार चिवट असतो आणि तो पाटीवर लिहून जात नाही. मुलाने स्वतः हीर मोडला की जातो.

फिरवायला लागा आणि वाटेत नावे घेत चला. हीर एकावर एक असतात तेव्हा शून्य कोन. तिथून ९०° पर्यंत लघुकोन. बरोबर ९०° ला काटकोन. त्यापुढे १८०° पर्यंत विशालकोन. दोन्ही हीर एका रेषेत विरुद्ध दिशांना गेले की सरळकोन, म्हणजे १८०°. हीर त्याच दिशेने आणखी फिरवलात की प्रविशालकोन, आणि पूर्ण फेरी मारून तो मूळ जागी आला की पूर्णकोन, ३६०°.

फेरीचे भाग ३६०च का? बॅबिलोनचे लोक ६० च्या पटीत मोजत, त्यांच्या खगोलगणनेतून हा आकडा आपल्यापर्यंत आला. तो टिकला, कारण तो सोयीचा आहे. ३६० ला निःशेष भाग देणाऱ्या २४ संख्या आहेत, त्यामुळे फेरीचा अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, आठवा भाग पूर्ण अंशांत येतो. फेरीचे १०० भाग केले असते तर तिसरा भाग करतानाच अडलो असतो. अंशाचेही पुढे ६० भाग होतात, त्यांना कला म्हणतात, आणि कलेच्या ६० भागांना विकला.

वळणाचा सराव भिंतीवरच्या घड्याळावर करा. मिनिटकाटा दर मिनिटाला ६° वळतो, तासकाटा तासाला ३०°, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. तीन वाजता काट्यांत काटकोन असतो. मग साडेतीनला? पुष्कळ जण सहा आणि तीन यांमधले अंतर पाहून ९०° म्हणतात. पण तोवर तासकाटा १५° पुढे सरकलेला असतो, म्हणून कोन ७५°. दहा वाजून दहा मिनिटांनी काट्यांत वरच्या बाजूला ११५° चा विशालकोन असतो आणि खालच्या बाजूने २४५° चा प्रविशालकोन. दोन भुजा काढल्या की कोन नेहमी दोन असतात. आपण कुठला मोजतोय ते छोट्या कमानीने दाखवायची सवय इथेच लावा.

कागदातून काटकोन

कडा वेड्यावाकड्या असलेला कागद घ्या, वर्तमानपत्राचा फाटका तुकडाही चालेल. एक घडी घाला. घडीची रेघ सरळ येते, तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूपाशी एका बाजूला १८०° असतात. आता ही घडी तिच्याच स्वतःवर आणून दुसरी घडी घाला. १८०° चे दोन सारखे भाग झाले, म्हणून कोपऱ्यात काटकोन आला. पट्टी लागली नाही, कोनमापकही लागला नाही. आणखी एक घडी घातली की ४५°. हा कागदी काटकोन खिशात ठेवून घरभर फिरा आणि दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, टाइल्सचे सांधे तपासा.

बांधकामावर हेच काम गुण्या करतो. मोठ्या आखणीत मात्र गुण्याची लांबी पुरत नाही. तेव्हा गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट मोजतो, दुसरीवर ४ फूट, आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत एक दोरी सरकवतो. ५ आले की कोपरा गुण्यात आला. आकडे ६, ८, १० घेतले तर चूक आणखी कमी राहते. यामागे काटकोन त्रिकोणाचा नियम आहे, आणि तो आपल्याकडे शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्यासाठी सांगितला आहे. शुल्ब म्हणजे दोरी. भूमिती इथे दोरीनेच सुरू झाली.

कोनमापक वाचताना

मापनातल्या चुका जवळपास नेहमी तीनच असतात. कोनमापकाचा मध्य शिरोबिंदूवर न ठेवता त्याची खालची प्लास्टिकची कड तिथे ठेवली जाते. भुजा आखूड असते आणि आकड्यांपर्यंत पोचतच नाही, मग अंदाजाने वाचले जाते. तिसरी चूक म्हणजे आतली आणि बाहेरची मापनपट्टी यांत गोंधळ होतो आणि ५०° च्या जागी १३०° लिहिले जाते.

पहिल्या दोहोंना उपाय सोपा: मध्यखूण जुळवा आणि पट्टीने भुजा लांबवा. भुजा वाढवल्याने कोन बदलत नाही, हे मोडलेल्या हिराने आधीच सांगितले आहे. तिसरीसाठी माझा एकच नियम आहे: कोनमापक ठेवण्याआधी तोंडाने सांगायचे, हा लघुकोन आहे की विशालकोन. कागदी काटकोनापेक्षा तो अरुंद दिसत असेल तर १३०° उत्तर येऊच शकत नाही. शिवाय ज्या भुजेवर ० आहे त्याच मापनपट्टीवर पुढे वाचत जायचे. प्रविशालकोन असेल तर त्याच्या उलट बाजूचा लहान कोन मोजा आणि ३६०° मधून वजा करा.

कोटिकोन आणि पूरककोन

दोन कोनांची बेरीज ९०° असेल तर ते एकमेकांचे कोटिकोन, १८०° असेल तर पूरककोन. ही दोन नावे हमखास उलटी होतात. आठवणीसाठी 'कोटी' आणि 'काटकोन' यांतला 'क' पुरतो, पण मला शब्दाची गोष्ट सांगायला जास्त आवडते. आपल्या जुन्या गणितात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण म्हणत. काटकोनाशिवायचे त्याचे दोन कोन मिळून ९०° असतात. त्यांपैकी एका कोनाची 'ज्या' (जुन्या गणितातले एक गुणोत्तर) ती दुसऱ्या कोनाची 'कोटिज्या', आणि दहावीत 'साइन' व 'कोसाइन' म्हणून भेटते ती हीच जोडी. सातवीतला कोटिकोन असा दहावीपर्यंत सोबत येतो.

५०° चा कोटिकोन ४०°, पूरककोन १३०°. दोहोंत फरक ९०° चा. लघुकोन कुठलाही घ्या, त्याचा पूरककोन त्याच्या कोटिकोनापेक्षा बरोबर ९०° नेच मोठा असतो. हे लक्षात असले तर 'एका कोनाचा पूरककोन त्याच्या कोटिकोनाच्या तिप्पट आहे, तर तो कोन किती?' हा प्रश्न समीकरणाशिवाय सुटतो. तिप्पट म्हणजे दुपटीने जास्त. ती जास्तीची दुप्पट ९०°, म्हणून कोटिकोन ४५° आणि मूळ कोनही ४५°.

हे कोन शेजारी असलेच पाहिजेत असे नाही. एक फळ्याच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला असला तरी बेरीज जमली की नाते जमले. शेजारपणाचे नाव वेगळे: शिरोबिंदू एक, एक भुजा सामाईक, आणि आतला भाग एकमेकांत घुसलेला नाही, तर ते संलग्न कोन. संलग्नही आहेत आणि सामाईक नसलेल्या भुजा एका सरळ रेषेत आहेत, तर ती रेषीय जोडी. तिची बेरीज १८०° येणारच, कारण दोघांनी मिळून एक सरळकोन व्यापलेला असतो.

याच्या सरावासाठी कंपासपेटीतले दोन गुण्ये आहेत. एकात ३०°, ६०°, ९०° आणि दुसऱ्यात ४५°, ४५°, ९०°. ते शेजारी ठेवून ७५° करा, एकावर एक ठेवून १५° करा. १०५°, १३५°, १५०° कसे मिळतील ते मुलांना शोधू द्या. १५ च्या पटीतला प्रत्येक कोन मिळतो, कोनमापकाला हात न लावता.

दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा

दोन हिरांची फुली करा आणि मधोमध दोरा बांधा. फुली उघडमीट करा. समोरासमोरचे कोन बरोबरच उघडतात, बरोबरच मिटतात. त्यांना विरुद्ध कोन म्हणतात आणि ते एकरूप, म्हणजे सारख्याच मापाचे, असतात. डोळ्यांना हे पटते, पण पटणे आणि सिद्ध होणे यांत फरक आहे. सिद्धता दोन ओळींची आहे आणि माझ्या मते प्रत्येक मुलाने आयुष्यातली पहिली सिद्धता म्हणून हीच लिहावी.

फुलीतल्या कोनांना क्रमाने अ, ब, क, ड म्हणा. अ आणि ब रेषीय जोडीत, म्हणून अ + ब = १८०°. ब आणि क रेषीय जोडीत, म्हणून ब + क = १८०°. दोन्हीकडे ब तोच आहे. तो काढला तर उरणारे अ आणि क सारखेच असले पाहिजेत. कुठे काही मोजले नाही, तरी जगातल्या प्रत्येक फुलीबद्दल आपण बोललो.

रेघांची वही आणि एक तिरकी रेघ

आता दुसरी मुख्य गोष्ट. वहीच्या पानावर दोन छापील रेघा पेनाने गडद करा. या समांतर रेषा. त्यांना छेदणारी एक तिरकी रेघ ओढा, ही छेदिका. दोन फुल्या झाल्या, एकूण आठ कोन.

ट्रेसिंग पेपरवर किंवा पातळ बटर पेपरवर वरची फुली उतरवा आणि तो कागद छेदिकेवरून सरळ खाली सरकवा. वरची फुली खालच्या फुलीवर बसते. तशाच जागी बसणारे कोन म्हणजे संगत कोन, आणि रेषा समांतर असतील तर ते एकरूप असतात. कागद न वळवता नुसता सरकवल्याने कोन बदलायचा कशाला?

यानंतर आठही कोनांना रंग द्या, लघुकोन पिवळे आणि विशालकोन निळे. चार पिवळे, चार निळे. सगळे पिवळे एकमेकांइतके, सगळे निळे एकमेकांइतके, आणि कुठलाही पिवळा अधिक कुठलाही निळा म्हणजे १८०°. या प्रकरणात आकडेमोडीला एवढे चित्र पुरते. छेदिका काटकोनात असेल तर आठही ९०°.

नावे आता बसवा. दोन रेषांच्या आत, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असलेले दोन कोन म्हणजे आंतरव्युत्क्रम कोन, झेड अक्षराच्या दोन कोपऱ्यांत सापडणारे. रेषांच्या बाहेर तसेच असलेले ते बाह्यव्युत्क्रम. दोन्ही जोड्यांत रंग सारखा, म्हणून कोन एकरूप. छेदिकेच्या एकाच बाजूचे दोन आंतरकोन वेगळ्या रंगाचे, म्हणून त्यांची बेरीज १८०°. एक आंतरव्युत्क्रम जोडी स्वतः सिद्ध करा: वरचा कोन त्याच्या संगत कोनाइतका, आणि तो संगत कोन खालच्या कोनाचा विरुद्ध कोन.

उलटही खरे आहे, आणि व्यवहारात तेच जास्त उपयोगी. संगत कोन सारखे आले तर रेषा समांतर असतात. पट्टी घट्ट धरून तिच्या कडेने गुण्या सरकवत समांतर रेषा काढतो, तेव्हा नेमके हेच वापरतो: पट्टी ही छेदिका, आणि गुण्याचा कोन सगळीकडे तोच.

कागद सरकवून पटते खरे, पण ती सिद्धता नव्हे. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी युक्लिड या ग्रीक गणितीने याच जागी एक गोष्ट गृहीत धरली, त्याचे पाचवे गृहीतक: छेदिकेच्या ज्या बाजूला आंतरकोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी भरते, त्या बाजूला वाढवल्यास त्या दोन रेषा एकमेकींना भेटतात. हे बाकीच्या गृहीतकांवरून सिद्ध करायचा प्रयत्न गणितींनी शतकानुशतके केला, आणि शेवटी एकोणिसाव्या शतकात कळले की ते तसे सिद्ध होत नाही. आठवीचे मूल 'संगत कोन सारखे का?' असे अडून विचारत असेल तर त्याला गप्प बसवू नका. प्रश्न मोलाचा आहे.

त्रिकोणात १८०° का

कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी ठेवले की सरळ रेघ बनते, हे बहुतेकांनी केलेले असते. कारण मात्र रेघांच्या वहीत आहे. त्रिकोणाचा पाया एका छापील रेघेवर आणि शिरोबिंदू दुसऱ्या रेघेवर येईल असा त्रिकोण काढा. दोन्ही तिरक्या बाजू छेदिका झाल्या. पायाचा डावा कोन आंतरव्युत्क्रम होऊन वर शिरोबिंदूच्या डावीकडे जातो, उजवा उजवीकडे, आणि मध्ये तिसरा आधीच बसलेला आहे. तिघांनी मिळून वरच्या रेघेवर सरळकोन भरला.

पाया एका बाजूला वाढवला तर बाहेर जो कोन होतो तो बाह्यकोन. तो आणि त्याच्या लगतचा आतला कोन ही रेषीय जोडी. त्या लगतच्या कोनाला १८०° भरायला आतले उरलेले दोन कोनही लागतात आणि हा एकटा बाह्यकोनही पुरतो. म्हणजे बाह्यकोन बरोबर दोन दूरस्थ आंतरकोनांची बेरीज.

उदाहरण हातात आल्यावर

समांतर रेषा, छेदिका, एका बाजूचे दोन आंतरकोन (२क्ष + १०)° आणि (३क्ष − ५)°. पुष्कळ मुले दोन्ही सारखे मानून क्ष = १५ काढतात. ताळा करा: दोन्ही कोन ४०°, बेरीज ८०°, मग युक्लिडच्या म्हणण्याप्रमाणे रेषा भेटतीलच, त्या समांतर कशा? आकृतीत रंग पाहा, एक पिवळा आणि एक निळा. म्हणून ५क्ष + ५ = १८०, क्ष = ३५, कोन ८०° आणि १००°. आधी रंग, मग समीकरण, आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण: विरुद्ध कोन, रेषीय जोडी, संगत कोन.

ध्रुव ताऱ्याची उंची

आतापर्यंतचे सगळे एकत्र वापरायला गच्चीवर चला. कोनमापक उलटा धरा, सरळ कड वर. मध्यखुणेला दोरा बांधून खाली नट लटकवा, झाला ओळंबा. कड आडवी असेल तर दोरा ९०° वर पडतो. कड जितके अंश वर उचलाल तितके अंश दोरा ९०° पासून सरकतो.

उन्हाळ्यात रात्री उत्तरेला सप्तर्षी दिसतात. चौकोनाच्या कडेचे पुलह आणि क्रतू हे तारे जोडून ती रेघ क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट न्या, तिथे ध्रुव. कड त्याच्याकडे रोखा आणि दुसऱ्या कुणाला दोरा वाचू द्या. मुंबईत सुमारे १९° येतील, नागपुरात २१°, पणजीत साडेपंधरा. गावाचा अक्षांश तो हाच.

का? पृथ्वीचे वर्तुळ काढा, मधून आडवी रेघ विषुववृत्ताची, उभी रेघ आसाची. मुंबईपासून केंद्रापर्यंत त्रिज्या काढा. तिचा विषुववृत्ताशी कोन १९°, म्हणून आसाशी ७१°, हे कोटिकोन. आसाची उत्तरेकडची दिशा जवळपास ध्रुवाकडेच आहे, आणि ध्रुव चारशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणून मुंबईतून त्याच्याकडे जाणारी रेषा आसाला समांतर मानता येते. त्रिज्या डोक्यावर वाढवली की ती झाली छेदिका, आणि संगत कोनांमुळे डोक्यावरची दिशा व ध्रुव यांत पुन्हा ७१°. क्षितिज या त्रिज्येला काटकोनात आहे. उरले १९°.

ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे आणि हातही थोडा हलतो, त्यामुळे एक-दोन अंशांचा फरक चालवून घ्या. पाच वेळा मोजून सरासरी काढली तर आकडा जवळ येतो. लंडनमध्ये राहणाऱ्या भाच्याला मोजायला सांगा, त्याला साडेएक्कावनच्या आसपास मिळतील. मेलबर्नला असलेल्यांना मात्र ध्रुव क्षितिजाच्या खाली असल्यामुळे दिसणार नाही. किती अंश खाली, ते आकृतीवरून काढता येते.